शाळेत समुपदेशक हवाच. पण समुपदेशक म्हणायचं कुणाला?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळा, कॉलेजं, वसतिगृहं आणि कोचिंग क्लासेससाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. मूळ प्रकरण विशाखापट्टणमचं. तिथे राहून नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीचा २०२३ मध्ये मृत्यू झाला होता आणि तिच्या वडिलांना सीबीआय तपास हवा होता. न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला, आणि त्याच निकालात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विषयही हाती घेतला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यवार यादीत महाराष्ट्र पहिला होता.

पंधरांपैकी एक सूचना अशी: शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि मुलांच्या व किशोरांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण त्याच्याकडे असावं. विद्यार्थी शंभरापेक्षा कमी असतील, तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावेत. कायदा होईपर्यंत हे पाळायचं आहे.

सूचना चांगलीच आहे. गाडी अडते ती ‘पात्र’ या शब्दावर. डॉक्टरची नोंद वैद्यकीय परिषदेत असते, वकिलाची बार कौन्सिलमध्ये. समुपदेशकाची कुठे? उद्या सकाळी कुणी घराच्या दारावर ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावली, तर ती उतरवा म्हणायला येणारं कुणी नाही. नोकरी सक्तीची झाली, पण ती करणाऱ्याची व्याख्या अजून पक्की व्हायची आहे. म्हणून हा व्यवसाय कशावर उभा आहे, हे पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी स्वतःच समजून घेतलेलं बरं.

## आधी माणसं ओळखून घेऊ

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हा एमबीबीएस होऊन मनोविकारांत पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषध देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. तो डॉक्टर नसतो, पण मनोविकारांचं निदान, चाचण्या आणि बोलण्यातून उपचार यांचं खास शिक्षण घेतलेला असतो, आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते.

समुपदेशकाकडे येणारा माणूस बहुतेक वेळा आजारी नसतो. तो अडकलेला असतो. लग्न मोडायच्या बेतात आहे, नोकरी गेली आहे, मुलगा शाळेत जायला तयार नाही, वडील गेल्यापासून झोप उडाली आहे. अशा माणसाला आपली परिस्थिती नीट बघता यावी आणि पुढचं पाऊल त्याचं त्याला ठरवता यावं, यासाठी ठरलेल्या पद्धतीने केलेलं संभाषण म्हणजे समुपदेशन.

मार्गदर्शन हे त्याचं सख्खं भावंड, पण स्वभाव वेगळा. दहावीनंतर कुठे जायचं, आयटीआयला कोणते ट्रेड आहेत, मुलाची कुवत कशात आहे, ही माहिती आणि मोजमापाची बाजू मार्गदर्शनाची. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत मिसळतात. ‘कॉमर्स घेऊ की आर्ट्स’ विचारायला आलेली मुलगी दहाव्या मिनिटाला घरातल्या भांडणांवर येते, हे शाळेत काम करणारा कुठलाही समुपदेशक सांगेल. (नीट किंवा सीईटीनंतरच्या प्रवेशफेऱ्यांनाही काउन्सेलिंग म्हणतात. तिथे फक्त जागावाटप होतं. त्याचा या लेखाशी संबंध नाही.)

## बोस्टनमध्ये सुरुवात, मुंबईत पाऊल

या व्यवसायाचा जन्म दवाखान्यात झाला नाही. तो झाला कामगारवस्तीत. १९०८ च्या जानेवारीत बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थांनी ‘व्होकेशन ब्यूरो’ उघडला. पार्सन्स शिक्षणाने इंजिनिअर, नंतर वकील, वृत्तीने समाजसुधारक. युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची पोरं तेव्हा मिळेल त्या कारखान्यात शिरत आणि काही महिन्यांत बाहेर पडत. पार्सन्स यांचं म्हणणं साधं होतं: आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती घ्या, आणि मग दोन्हींची सांगड विचारपूर्वक घाला. त्याच वर्षी ते वारले. पुस्तक १९०९ मध्ये मागाहून आलं. पण त्यांच्या या तीन पायऱ्यांवर करिअर मार्गदर्शन आजही चालतं.

पुढे युद्धांनी या कामाला हत्यारं दिली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने लाखो जवानांच्या सामूहिक बुद्धिमापन चाचण्या घेतल्या आणि शाळा-कारखान्यांत चाचण्यांचं युग सुरू झालं. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला तेव्हा अमेरिका हबकली. हुशार मुलं हेरून विज्ञानाकडे वळवायला हवीत म्हणून १९५८ च्या कायद्याने शालेय समुपदेशक घडवण्यासाठी सरकारी पैसा ओतला. म्हणजे मुलांच्या मनाची काळजी हे कारण नव्हतंच. काळजी होती रॉकेटची. शाळेतल्या समुपदेशकाकडून आजही ‘निकाल वाढवा’ अशीच अपेक्षा असते, त्याचं मूळ मला तिथेच दिसतं.

याला दुसरं वळण दिलं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी. १९४२ पासून ते सांगत होते की समोरच्याला काय हवं ते त्याच्या स्वतःच्या आत असतं. तज्ज्ञाने चाचणी घेऊन निवाडा सुनावण्यात अर्थ नाही. १९५७ च्या निबंधात त्यांनी समुपदेशकाकडून तीन गोष्टी मागितल्या: समोरच्याच्या जागी उभं राहून समजून घेणं, अटी न घालता त्याला स्वीकारणं, आणि स्वतः खरं वागणं. वाचायला सोपं वाटतं. व्यसनी मुलाला मारहाण करून आलेला बाप समोर बसला, की यातलं दुसरं किती जड आहे ते कळतं.

आपल्याकडे हे फार उशिरा आलं असा समज आहे, तो खरा नाही. कोलकाता विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागात १९३८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचा भाग सुरू झाला. १९४१ मध्ये मुंबईत बाटलीबॉय व्होकेशनल गायडन्स ब्यूरो निघाला, १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आपला ब्यूरो काढला, आणि १९५० मध्ये मुंबई सरकारने स्वतःचा. त्याचीच पुढे व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था झाली. मुंबईतच आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं होतं. १९५२-५३ चा मुदलियार आयोग आणि १९६४-६६ चा कोठारी आयोग, या दोन्ही शिक्षण आयोगांनी शाळाशाळांतून मार्गदर्शन हवं असं लिहून ठेवलं. अहवाल कपाटात राहिले.

## मामा काय करतात, समुपदेशक काय करतो

सगळ्यांच्या तोंडी असलेला आक्षेप आधी घेऊ. पूर्वी एकत्र कुटुंबं होती, आजी होती, मामा होते. तेच काम आता पैसे देऊन करून घ्यायचं का?

समजा, निलंग्याजवळच्या एका गावातला मुलगा लातूरला खोली करून राहतो. अकरावी सायन्स, शिवाय क्लास. दिवाळीला घरी आला आणि म्हणाला, “मला सायन्स सोडायचंय.”

मामा म्हणतात, “अरे, पहिले सहा महिने सगळ्यांनाच जड जातं. माझ्या साडूचा पोरगा बघ, असाच रडत होता, आज एमबीबीएसला आहे. आधी तो मोबाइल बाजूला ठेव.” मामांचा जीव आहे त्याच्यावर, आणि बोलतात ते खोटंही नाही. पण मुलाने एक वाक्य उच्चारलं होतं, आणि आता त्याच्याकडे बोलायला काही उरलेलं नाही.

समुपदेशकाच्या खोलीत हेच असं चालेल:

“सोडायचंय असं कधीपासून वाटायला लागलं?”

“दसऱ्यापासून.”

“तेव्हा काय झालं होतं?”

मुलगा गप्प. समुपदेशकही गप्प. अर्धा मिनिट. नवशिक्याला ही शांतता सोसत नाही, तो पुढचा प्रश्न टाकतो. मुरलेला थांबतो.

“क्लासवाले टेस्टचे मार्क ग्रुपवर टाकतात. बाबा आहेत त्या ग्रुपवर.”

“बाबा मार्क बघतात.”

“हो. काही बोलत नाहीत. आधी रोज रात्री फोन करायचे. आता आईच करते.”

सायन्सचा प्रश्न कुठल्या कुठे गेला. कदाचित तो सायन्स सोडेलही, आणि ते योग्यही असेल. पण निदान आता तो ज्या गोष्टीबद्दल निर्णय घेतोय ती समोर आली. ‘बाबा मार्क बघतात’ हा प्रश्नही नव्हता; मुलाचंच बोलणं जरा पुढे सरकवून त्याला परत दिलं. ही युक्ती शिकवावी लागते. अभ्यासक्रमात विद्यार्थी सराव सत्रं रेकॉर्ड करतात, नंतर शब्दन् शब्द लिहून काढतात, आणि मग प्रत्येक वाक्यापुढे त्यांना विचारलं जातं: इथे हे का बोललास? इथे घाई का केलीस? आपण लोकांच्या बोलण्यात किती लुडबुड करतो, हे त्या कागदावर पहिल्यांदा दिसतं.

मोटार ड्रायव्हिंग स्कूलची गाडी डोळ्यांपुढे आणा. स्टीअरिंग शिकणाऱ्याच्या हातात असतं. शेजारी बसलेल्या उस्तादाला रस्ता दिसतो, समोरून येणारी एसटी दिसते, पण तो हात गुडघ्यावर ठेवून बसतो. त्याच्या पायाशी मात्र एक जादा ब्रेक असतो. समुपदेशकाची जागा ती. मामा प्रेमापोटी स्टीअरिंग ओढून घेतात.

## “म्हणजे तो सल्ला देतच नाही?”

देतो, पण माहितीचा. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, कौटुंबिक हिंसाचारासाठी संरक्षण अधिकारी असतो, या गोष्टी समुपदेशकाने लपवून ठेवल्या तर तो कामचुकारपणा झाला. मुंबई पोलिसांत १९८४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने महिलांसाठी जो विशेष कक्ष सुरू झाला, तिथलं समुपदेशन केवळ ऐकून घेण्याचं नव्हतंच. मार खाऊन आलेल्या बाईला ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच विचारून घरी पाठवता येत नाही. तिथे आधी तिची सुरक्षितता बघावी लागते. तिने नवऱ्याला सोडावं की नाही, हे मात्र समुपदेशक ठरवत नाही.

## गुपित कुठवर गुपित

या व्यवसायाचा सगळ्यात भक्कम आणि सगळ्यात गैरसमज झालेला खांब हा. पालकांना वाटतं, आम्ही फी भरतो म्हणजे आम्हाला सगळं कळलं पाहिजे. मुलांना वाटतं, इथलं काहीच बाहेर जाणार नाही. दोन्ही चूक.

नियम असा की खोलीतलं बोलणं खोलीतच राहतं, पण त्याला काही अपवाद असतात, आणि ते पहिल्याच भेटीत, पहिल्या काही मिनिटांत सांगायचे असतात. स्वतःच्या जिवाला धोका असेल तर. दुसऱ्याच्या जिवाला असेल तर. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. न्यायालयाने आदेश दिला तर. उस्तादाचा जादा ब्रेक तो हाच.

दुसऱ्याच्या जिवाचा मुद्दा जगभर गाजला तो कॅलिफोर्नियातल्या खटल्यामुळे. १९६९ मध्ये बर्कले विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं की तो एका तरुणीला मारणार आहे. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. त्यांनी त्याला ताब्यात घेतलं, ठीक दिसतोय म्हणून सोडलं. तातियाना तारासॉफ या तरुणीला मात्र कुणीच सावध केलं नाही, आणि तिचा खून झाला. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याच्या जिवावर बेतलं आहे त्याचं रक्षण करण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. गुप्ततेच्या आड लपता येणार नाही.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ गुप्ततेचा हक्क देतं आणि असेच अपवादही सांगतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ तर स्पष्टच आहे: बालकावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवायचं. न कळवणं हाच गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण ‘आतल्या आत’ मिटवायला सांगणाऱ्या संस्थाचालकाला समुपदेशकाने हे कलम दाखवायचं असतं. नोकरी त्याच संस्थाचालकाच्या हातात असताना ते किती जण दाखवतील, हा वेगळा प्रश्न.

शाळेतल्या समुपदेशकाची कुचंबणा इथेच आहे. पगार संस्था देते, फी पालक भरतात, आणि समोर बसतं मूल. खोली बहुधा मुख्याध्यापकांच्या केबिनसमोर, म्हणजे कोण आत गेलं ते सगळ्यांना दिसावं. आतल्या कपाटात लेझीम आणि स्नेहसंमेलनाचं सामान. कुणी शिक्षक रजेवर असला की ऑफ तासाला समुपदेशकाला पाठवा. मग मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहा घेताना कुणीतरी सहज विचारतं, “काय म्हणत होती हो ती आठवी ‘ब’ची?” या प्रश्नाला हसून बगल देता येणं हीसुद्धा व्यावसायिक पात्रताच.

म्हणूनच ‘आमचे गायकवाड सर मुलांत फार प्रिय आहेत, त्यांनाच समुपदेशक करू’ ही शाळांची आवडती पळवाट धोक्याची. सर चांगलेच असतील. पण प्रॅक्टिकलचे मार्क ज्यांच्या हातात, त्यांना कुठली मुलगी सांगेल की तिला त्यांच्याच विषयाची धास्ती वाटते? एका माणसाशी दोन नाती नकोत हा नियम त्यासाठी आहे. समुपदेशक याच कारणाने स्वतःच्या भाचीचं समुपदेशन करत नाही.

## “नुसतं बोलून काय होतं?”

रास्त शंका आहे, आणि या क्षेत्रातल्या लोकांनाही ती पडली होती. लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९५२ मध्ये लिहिलं की बोलण्याच्या उपचारांनी फरक पडतो याला पुरावाच नाही. बरीचशी माणसं दोनेक वर्षांत आपली आपण सावरतात. गदारोळ झाला. पण त्यातून मोजमाप सुरू झालं. १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी पावणेचारशे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला: असे उपचार घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत होता. कुठली पद्धत वापरली याने फारसा फरक पडत नव्हता, हेही त्यांना दिसलं. पुढच्या संशोधनात दोघांमधल्या नात्याचं वजन पुन्हापुन्हा वर आलं. थोड्या लोकांची अवस्था उपचारांनंतर बिघडते, हेही नोंदवलं गेलं आहे. ज्याचा परिणाम होतो, त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो.

या व्यवसायाला खरी अडचणीची ठरली ती १९७९ मधली एक नोंद. अमेरिकेतल्या वँडरबिल्ट विद्यापीठात उदास, चिंताग्रस्त विद्यार्थ्यांपैकी काहींना अनुभवी उपचारकांकडे पाठवलं, काहींना प्रेमळ म्हणून नावाजलेल्या प्राध्यापकांकडे. प्राध्यापक इतिहास, इंग्रजी असलं काही शिकवणारे. मानसशास्त्राचं प्रशिक्षण शून्य. सरासरी निकाल जवळजवळ सारखे आले. मग गायकवाड सरांना का नको?

याचं उत्तर मला गोव्यात सापडतं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला गावातलीच साधी माणसं निवडली, मानसशास्त्राची पदवी नसलेली. सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते; ज्यांना फक्त सुधारित नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यात ३९ टक्के.

पदवीवाल्यांना हे झोंबेल. पण नीट बघा: ही माणसं मनाला येईल तसं बोलत नव्हती. त्यांना काय करायचं आणि काय करायचं नाही हे लिहून दिलेलं होतं. आधी प्रशिक्षण, मग काही महिने उमेदवारी. भेटी रेकॉर्ड होत, आणि सगळे एकत्र बसून त्या ऐकत, एकमेकांना गुण देत. रुग्ण आपल्या आवाक्याबाहेरचा वाटला तर वर कुणाकडे पाठवायचा हे ठरलेलं होतं. आपलं काम ठराविक काळाने दुसऱ्यापुढे असं उघडं करून दाखवणं याला पर्यवेक्षण म्हणतात. माझ्या मते या व्यवसायाचा पाया तोच आहे. पदवी असूनही जो वर्षानुवर्षं कुणालाच आपलं काम दाखवत नाही, त्याच्यापेक्षा गोव्यातली ती दहावी-बारावी शिकलेली ताई जास्त व्यावसायिक. गायकवाड सरांना प्रशिक्षण, पर्यवेक्षण द्या, मार्कांचं काम काढून घ्या. मग ते चालतील.

## “हे सगळं पाश्चात्य खूळ आहे”

अर्धं बरोबर. रॉजर्स यांची कल्पना एकट्या, स्वतंत्र माणसाची आहे. आपल्याकडे पंचवीस वर्षांची मुलगी ‘मला काय हवंय’ हा प्रश्न आई-वडील, आजी, जात आणि गावाला वगळून सोडवूच शकत नाही. सोडवायला सांगणं हा तिच्यावर अन्याय. म्हणून इथले चांगले समुपदेशक घरच्यांना बोलावतात, पण मुलीला विचारून. वसतिगृहातल्या आदिवासी मुलाला जातीवरून हिणवलं जात असेल, तर त्याला ‘आत्मविश्वास वाढवा’ सांगणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे. तिथे समुपदेशकाने वॉर्डनला जाब विचारायला हवा. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याच्या चिंतेत सावकाराचं व्याज असतंच. ते बोलण्याने उतरत नाही. समुपदेशनाची ही मर्यादा मान्य करूनच पुढे जावं लागतं.

## बोटांचे ठसे आणि रंगीत अहवाल

मार्गदर्शनाच्या नावाखाली सगळ्यात जास्त फसवणूक चाचण्यांत होते. कल म्हणजे आवड. अभिक्षमता म्हणजे एखादं काम शिकण्याची कुवत. गाण्याची आवड असलेल्या सगळ्यांचा गळा सुरात नसतो, एवढा हा साधा फरक. राज्यातल्या दहावीच्या मुलांची २०१६ पासून काही वर्षं सरकारी कलचाचणी झाली. कृषी, वाणिज्य, ललित कला, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे, हे ती सांगायची. पुष्कळ घरांत त्या निकालाचा अर्थ ‘आमच्या पोराला हेच जमणार’ असा लावला गेला. चाचणी वाईट नव्हती. तिचा निकाल समोर ठेवून मुलाशी बोलायला कुणी बसलं नाही, म्हणून तो कागद निव्वळ कागद राहिला.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारी डीएमआयटी. स्कॅनरवर दहाही बोटं टेकवा, काही हजार रुपये द्या, आणि गुळगुळीत कागदावरचा जाडजूड रंगीत अहवाल घेऊन जा: मूल किती टक्के कलाकार, किती टक्के मॅनेजर. ठशांवरून करिअर कळतं याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. गंमत म्हणजे खुद्द पार्सन्स उमेदवाराशी बोलताना त्याच्या डोक्याचा आकार न्याहाळत. त्यांच्या पुस्तकात तसं लिहिलेलं आहे. व्यवसायाने त्यांच्या तीन पायऱ्या ठेवल्या आणि कवटी सोडून दिली. आपण शंभर वर्षांनी बोटं धरून बसलोय.

## कायद्यात समुपदेशक कुठे आहे?

विखुरलेला आहे. पुनर्वास परिषदेचा १९९२ चा कायदा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद ठेवतो. तिथली नोंदणी नसताना तसा व्यवसाय करणं गुन्हा आहे. २०१७ च्या कायद्यातल्या मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता असे येतात. साधा समुपदेशक त्यात नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने पहिल्यांदा दार उघडलं. त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ आहेत, वर्तन-आरोग्य समुपदेशक आहेत, एचआयव्ही आणि कुटुंबनियोजनाचे समुपदेशकही आहेत. केंद्रात आयोग, राज्यात परिषद आणि नोंदवही अशी रचना आहे. पण हा कायदा आरोग्यसेवेचा. शाळेत बसून करिअरबद्दल बोलणारा समुपदेशक त्यात सरळ बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाची सूचना आणि ही नोंदवही यांची गाठ कुणीतरी घालून द्यावी लागेल.

तोवर तपासणी आपल्यालाच करायची आहे. पहिल्या भेटीत बिनदिक्कत विचारा: शिक्षण कुठे झालं? पर्यवेक्षणाखाली काम केलंय का, आणि आताही अवघड प्रकरणं कुणाशी बोलता? मुलाने सांगितलेलं आम्हाला कधी सांगाल, कधी नाही? चार-पाच भेटींत फरक पडला नाही तर काय कराल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं. ‘दुसऱ्याकडे पाठवीन’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवावा. ‘असं होतच नाही, गॅरंटी आहे’ म्हणणाऱ्याकडून उठावं. डॉक्टर नसताना गोळ्या सुचवणारा, आधीच्या रुग्णांच्या गोष्टी नावानिशी सांगणारा, पत्रिका मागणारा, यांच्याकडूनही.

## “पटलं, पण परवडत नाही”

शहरात खासगी समुपदेशकाची एका भेटीची फी मजुराच्या दिवसाच्या रोजंदारीहून जास्त असते, आणि भेटी एकीवर थांबत नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. तिथे केसपेपर काढून समुपदेशकाला भेटता येतं. गर्दी असते, आणि मानसिक आरोग्याची पाटी बघून पाऊल अडखळतं, हे खरं. घरातून निघणंच कठीण असेल तर १४४१६ हा टेलीमानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मोफत, चोवीस तास, मराठीतही. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. प्रकरण त्याच्या आवाक्याबाहेरचं असेल तर तो फोन पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो.